शकुंतलेचं भाडं आणि काकांचा फॉरवर्ड

दर १५ ऑगस्टला हा फॉरवर्ड येतोच: 'विदर्भातली शकुंतला रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची. भारत सरकार ब्रिटनला दरसाल १ कोटी २० लाख भाडं भरतं. इंग्रज परवानगी देत नाहीत म्हणून गाडी बंद.' यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, वर तिरंगा लावून. काका, रागावू नका, पण ऐका.

आधी मालकी. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही साधारण १९० किलोमीटरची अडीच फुटी (नॅरोगेज) लाईन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. ती कंपनी १९१० साली किलिक निक्सनने काढली. नावं इंग्रजी असली तरी पेढी १८५७ पासून मुंबईची, आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात गेली. अस्सल विलायती कंपनी हवी असेल तर आपल्या बार्शी लाईट रेल्वेकडे बघा. लाईन तशीच अडीच फुटी, पण कंपनी इंग्लंडात नोंदवलेली. ती सरकारने १९५४ मध्ये विकतही घेतली. शकुंतला मात्र मध्य रेल्वे झाली तेव्हा, १९५१ साली, कंपनीच्याच नावावर राहून गेली. फॉरवर्डमध्ये खरं आहे ते एवढंच.

आता भाडं. अशा शाखांचा करार ठरलेला असे: मुख्य रेल्वेने गाडी चालवायची, खर्चापोटी उत्पन्नातला हिस्सा ठेवायचा, उरलेलं लाईनवाल्या कंपनीला द्यायचं. म्हणजे आकडा धंद्याबरोबर खालीवर व्हायला हवा. मग फॉरवर्डात तो वर्षानुवर्षं १ कोटी २० लाखांवरच कसा अडकलाय? आणि पैसे मिळायचे ते कंपनीला, ब्रिटनच्या सरकारला नव्हे.

'१९२१चं इंजिन अजून धावतंय' हेही कुणीतरी खाली जोडलं होतं. मँचेस्टरचं ते वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ मध्येच काढून टाकलं. पुढे डिझेल होतं.

राहिलं बंद पडणं. ही लाईन वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणून मुंबईच्या गाडीत चढवण्यासाठी टाकलेली. वाटेतल्या एका स्टेशनाचं नावच कापूसतळणी! पुढे गाठी ट्रकने जाऊ लागल्या, रूळ झिजले, गाडी रांगू लागली. शेवटी शेवटी बऱ्याच स्टेशनांत माणूसच नव्हता. गार्डच उतरून तिकिटं फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच कुणी उतरून ते लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि धावत येऊन चढायचा. एस.टी. तोवर पुढच्या गावात पोचलेली. पण तिकीट एस.टी.पेक्षा स्वस्त, म्हणून गरीब माणूस तरीही शकुंतलेतच बसायचा.

यात लंडनच्या परवानगीचा संबंध कुठे आला, काका? ब्रॉडगेज करण्याची घोषणा सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना झाली, ती दिल्लीत. मूर्तिजापूर-अचलपूरची माणसं गाडीसाठी आंदोलनं करतात, तीही आपल्याच सरकारच्या दारात.