"दादा, माझंच काही चुकलंय का?"

परवा आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने एका बटणाचा रंग बदलला. एक ओळ. बिल्ड लावला, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवायला घेतला, खालची पट्टी सरकायला लागली. सहा मिनिटं. शेवटी लाल एरर, तोही तिने हात न लावलेल्या फाईलमध्ये. तिने आपली ओळ दहादा तपासली, पुन्हा बिल्ड लावला. पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा तोच एरर. दीड तासाने माझ्या डेस्कपाशी आली आणि हळूच म्हणाली, "दादा, माझंच काही चुकलंय का?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. कॅशे, म्हणजे आधीच्या बिल्डमधून साठवून ठेवलेला भाग, बिघडला होता. बिल्डचं फोल्डर उडवलं, परत लावलं, चाललं.

तिचा तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. पंधरा वर्षं या कामात घालवल्यावर असा एरर दिसला की मी आधी टूलवर संशय घेतो. पण आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर शिकून लातूर-जालन्याहून पुण्यात आलेली मुलं आधी स्वतःवर संशय घेतात. कोड लिहायचा एडिटर उघडला की इंडेक्सिंग, म्हणजे तो आधी सगळ्या फाईली वाचत बसतो. एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, लावायचा तर ब्राउझर बंद करा. पंखा घरघरतोय, माऊस अडकतोय, आणि मुलाला वाटतं, प्रोग्रामिंग आपल्याला जमणारं नाही.

"प्रोजेक्ट मोठे झाले, वेळ लागणारच" हे मला पटत नाही. १९८३ साली बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल हे प्रोग्रामिंगचं टूल आलं. एडिटर आणि कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणारा प्रोग्राम) मिळून ४० केबीपेक्षा कमी! त्याचा कंपायलर अँडर्स हेल्सबर्ग यांचा. आमच्या पिढीने कॉलेजच्या लॅबमध्ये बोरलँडच्याच टर्बो सीची निळी स्क्रीन पाहिलीये. कंट्रोल-एफ९ दाबलं की उत्तर समोर. मान्य आहे, ती टूल्स आजच्या मानाने फार कमी कामं करायची. पण मार्च २०२५ मध्ये याच हेल्सबर्ग यांनी मायक्रोसॉफ्टमधून जाहीर केलं की टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर गो भाषेत नेतोय. व्हीएस कोड या एडिटरच्या सुमारे १५ लाख ओळी तपासायला ७७.८ सेकंद लागायचे, ते ७.५ वर आले. त्याच ओळी! जुना कंपायलर जावास्क्रिप्ट म्हणून चालायचा. नवा थेट मशीन कोड होतो आणि प्रोसेसरचे अनेक कोअर एकदम कामाला लावतो. म्हणजे कुणीतरी वेगाचं काम मनावर घेतलं की वेग येतो.

आणि नुकसान नुसतं सहा मिनिटांचं नसतं. सहा मिनिटांत माणूस फोन उघडतो. परत येईपर्यंत डोक्यात जुळत आलेलं सगळं विस्कटलेलं असतं.

त्या दिवसानंतर मी मॅनेजरकडून दोन दिवस मागून घेतले, फक्त बिल्डसाठी. नवीन फीचर एकही नाही. शोधत गेलो तर कळलं, कुणीतरी कधीतरी आवृत्तीच्या माहितीत बिल्डची वेळ सेकंदासकट टाकली होती. त्यामुळे दर वेळी टूलला वाटायचं की सगळंच बदललंय, आणि ते पहिल्यापासून कंपाइल करत बसायचं. रोजच्या बिल्डमधून ती ओळ काढली. सहाचे सव्वादोन मिनिटं झाले. दुसरं कारण ऑफिसचा अँटीव्हायरस, बिल्डमधून निघणारी प्रत्येक फाईल तो तपासत बसतो. ते फोल्डर वगळा म्हणून आयटीकडे तिकीट टाकलंय. अजून परवानगी आलेली नाही, मी रोज विचारतोय.

ती ओळ त्या मुलीलाच काढायला लावली मी. कमिट, म्हणजे त्या बदलाची नोंद, तिच्या नावावर आहे.