काटा काढला म्हणे!

'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना पॅरामाउंट स्टुडिओने तिच्या चित्रपटांतून कसं बाजूला सारलं, यावरचा लेख वाचला. 'पॅरामाउंटने जीन रॉडनबेरींचा काटा काढला' हे लेखातलं वाक्य चटकदार आहे, पण अर्धंच खरं. 1979 चा पहिला 'स्टार ट्रेक' चित्रपट त्यांच्याच हातात होता ना? शूटिंग चालू असताना पटकथा बदलत होती आणि खर्च साडेचार कोटी डॉलर्सच्या घरात गेला. पुढचा चित्रपट हार्व्ह बेनेटने त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी पैशांत उभा केला, तोही आधी मालिकेचे सगळे जुने भाग बसून पाहून. चित्रपटाचा खलनायक खान त्यातूनच सापडला!

पहिल्या चित्रपटानंतर रॉडनबेरींना दिलेली 'एक्झिक्युटिव्ह कन्सल्टंट' (नुसता सल्लागार) ही पाटी मात्र अपमानास्पदच, इथे लेखकाशी सहमत. असे सल्लागार आमच्या ऑफिसातही पाहिलेत: प्रत्येक मेलच्या सीसीत नाव, पण त्यांचं ऐकायला कुणी बांधील नाही. रॉडनबेरी लांबलचक मेमो पाठवत राहिले, मुख्य पात्र स्पॉकच्या मरणाला विरोध केला, तरी तो मेलाच (पुढच्या चित्रपटात परत आला, ते सोडा). आणि 1987 ची 'नेक्स्ट जनरेशन' ही नवी 'स्टार ट्रेक' मालिका लेखात कुठेच कशी नाही? तिथे ते पुन्हा एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर होते. म्हणजे दार फक्त चित्रपटांचं बंद झालं होतं.