सुई टाकणारा मोकळा, टोचते सिस्टरला

परत तेच! रात्रपाळी, मेडिकल वॉर्ड, पहाटेचे चार. रेसिडेंट डॉक्टरने एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) घेतली, सिरिंज लॅबला धाडली आणि सुई? गॉजच्या घडीत गुंडाळून किडनी ट्रेमध्ये ठेवून निघून गेला. सिस्टरने ट्रे आवरायला गॉज उचललं, तर सुई ग्लोव्ह फाडून थेट तर्जनीत. आणि ती पोकळ सुई, आत ताजं रक्त. पेशंटचे एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटीस बी), एचसीव्ही (हिपॅटायटीस सी) तिन्ही रिपोर्ट अजून यायचे.

वॉर्डच्या बेसिनला साबण नाही. बोट दाबायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं, हे भिंतीवरच्या चार्टवर छापलंय. पण साबणच नाही! पीईपीचा, म्हणजे सुई टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचा, पहिला डोस शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत घ्यायचा, जेवढा उशीर तेवढा उपयोग कमी. आणि गोळ्या कुलपात, किल्ली फार्मासिस्टकडे, तो येणार नऊला. वरून पहिला प्रश्न काय, तर "लक्ष कुठे होतं?" अहो, सुई कुणी ठेवली ते विचारा ना आधी!

पांढरा शार्प्सचा (सुया-ब्लेड टाकायचा) डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा असतो. आमच्याकडे तो तोंडापर्यंत भरतो, मग वरून हाताने दाबतात. हब कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र) दोन वॉर्डांत मिळून एक, तोही ड्युटी रूममध्ये. बेडपाशी डबा नसला की सुई ट्रेमध्ये, गादीखाली, उशीशी जाते, आणि शेवटी कचरा बांधणाऱ्या मावशींच्या हातात. मावशींना तर साधे पातळ ग्लोव्ह.

जो तो फक्त एचआयव्हीचं विचारतो. तिथे धोका हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटीस बीच्या सुईतून शंभरात तीसपर्यंत! तो विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो. लसीचे डोस ०, १, ६ महिन्यांना, मग महिन्या-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते सांगणारी रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी, आकडा दहाच्या वर हवा. कायम नोकरीवाल्यांचं टायटर कुणी करत नाही आणि कंत्राटी सिस्टरांना लसच देत नाहीत. कंत्राटी रक्त वेगळं असतं का?

टीबीचं तर बोलायलाच नको. खोकणाऱ्या पेशंटला सर्जिकल मास्क, सिस्टरला एन-९५, एवढं साधं गणित. इथे सिस्टरच सर्जिकल लावून नेब्युलायझर देतात, एसीसाठी खिडक्या बंद, आणि एन-९५ स्टोअरमध्ये "स्टॉक संपेल" म्हणून जपून ठेवलेले. कुणासाठी?

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात सुरक्षिततेची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी ही आस्थापनेची जबाबदारी म्हणून लिहिलंय. म्हणजे खुलासा सिस्टरकडे नाही, प्रशासनाकडे मागा. ज्याने टोचली त्यानेच सुई डब्यात टाकायची, डबा बेडपाशी न्यायचा, पीईपीचे पहिले डोस रात्री वॉर्डात हवेत.

त्या सिस्टरची २८ दिवसांची गोळी सुरू झाली, पुढे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने तपासण्या. घरी लहान बाळ आहे तिचं. आणि तो डबा आज दुपारी दोनपर्यंत तसाच, तोंडातून बटरफ्लायची सुई बाहेर डोकावतेय.