शाळा सुटली, गटिंग तुटली

तुमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची टेनिस लीग असेल आणि तिच्यात तुमचं नाव नसेल, तर तुम्हाला पन्नाशी नीट लागलेलीच नाही असं समजा. पुण्यात हा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. पाऊस ओसरतो, क्ले कोर्टवरचं शेवाळ खरवडून नवी माती पडते, रोलर फिरतो आणि बॅचच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'कोण कोण आहे?' त्यानंतरचे चार महिने सुखाने कसे काढावेत याबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. पाच हंगाम आणि उजवं कोपर त्यात घातलं आहे.

सरावाची घाई करू नका. आधी टी-शर्ट ठरू द्या. रंगावर तीन आठवडे सहज जातात, कारण शाळेच्या गणवेशाचा निळा नेमका कोणता होता यावर दोन बॅचेसचं कधीच एकमत होत नाही. माप देताना लग्नाच्या वर्षीचं द्या. सगळे तेच देतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच सारखे दिसतात. प्रायोजक म्हणून वर्गातला बिल्डर गाठावा. दहावीला तो आपली गणिताची वही उतरवायचा, त्यामुळे मागताना संकोच वाटत नाही. फक्त टी-शर्ट हातात आल्यावर शाळेचं बोधचिन्ह खिशाएवढं आणि 'टू व थ्री बीएचके, ताबा लवकरच' पाठभर निघालं, तर मनाला लावून घेऊ नका. प्रतिस्पर्ध्याला निदान तुमची पाठ वाचायला तरी मिळते.

यानंतर येतो जोडीदार. आमच्याकडे 'शंभरी दुहेरी' नावाचा गट आहे. दोघांच्या वयाची बेरीज शंभर भरली पाहिजे, एवढीच अट. माणूस वय वाढवून सांगण्यासाठी भांडतो, हे दृश्य तुम्हाला दुसरीकडे बघायला मिळणार नाही. इथे शाळेचा दाखला कामाला येतो. आमच्या वर्गात नऊ जणांचा वाढदिवस 1 जूनला असतो. नऊ माउलींनी एकाच दिवशी कळा सोसल्या असं नव्हे. शाळेत घालताना गुरुजींनी वय बसवायला ती तारीख लावली. गेल्या वर्षी माझा जोडीदार दाखल्याप्रमाणे पन्नाशीचा होता. समोरच्या जोडीने थेट त्याच्या आईला फोन लावला. माउली म्हणाल्या, "छे रे, हा मार्गशीर्षातला. अजून एकोणपन्नासच चालू आहे." बेरीज नव्याण्णववर अडली. शेवटी समितीने निकाल दिला, की ज्या दाखल्यावर माणूस निवृत्त होणार, त्याच दाखल्यावर तो खेळणार. इतका शहाणपणाचा निर्णय आमच्या लीगने ना आधी घेतला, ना नंतर.

खेळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दुहेरीचं कोर्ट 23.77 मीटर लांब आणि 10.97 मीटर रुंद असतं; त्यातल्या दोन-दोन मीटरच्या चार जागांवर चौघं उभे राहतात आणि उरलेली जमीन एकमेकांना 'तुझा होता' असं सांगण्यासाठी मोकळी ठेवतात. सर्व्हिस करताना पाय रेषेवर पडला तर तो फूटफॉल्ट. आमच्याकडे तो फक्त हरणाऱ्यांना दिसतो. वेळ वाचावा म्हणून ड्यूसला, म्हणजे गेम 40-40 असा बरोबरीत आला की, एकच निर्णायक पॉइंट ठेवला आहे. वाचलेला वेळ त्या पॉइंटवरच्या वादात जातो. 2010 साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा एकच सामना 11 तास 5 मिनिटं चालला होता. त्यात चेंडू मारण्याचा वेळ बराच असावा, एवढा एक फरक सोडला तर आम्ही त्यांच्या फार मागे नाही.

मधल्या विश्रांतीत बोलायला दोन-तीन विषय तयार ठेवा. 'जानेवारी 2019 मध्ये बालेवाडीला होतो मी' हे वाक्य कधीच वाया जात नाही. तिथल्या टाटा ओपन स्पर्धेत अँडरसन आणि कार्लोविचची अंतिम लढत, तिन्ही सेट सहा-सहा गेमच्या बरोबरीनंतर टायब्रेकला गेले, आणि कार्लोविच तेव्हा 39 वर्षांचा होता! हा आकडा जरा थांबून सांगायचा आणि पोट आत घ्यायचं. त्याच स्पर्धेत आपले रोहन बोपण्णा आणि दिविज शरण दुहेरी जिंकले. पुढे 2024 मध्ये बोपण्णाने ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली ती वयाच्या 43 व्या वर्षी, आणि त्याच दिवसांत तो जागतिक क्रमवारीत पहिलाही झाला. तेव्हापासून आमच्या लीगमधला एकही माणूस म्हातारा राहिलेला नाही. बोपण्णा पहाटे काय खातो हे मात्र विचारू नका. आपण सामन्यानंतर मिसळ खातो, आणि एक्स्ट्रा पाव हा आपला रिकव्हरी प्रोग्रॅम.

कोपर दुखणार. डॉक्टरांकडे जाल तर ते सांगतील की टेनिस एल्बो होणाऱ्यांतल्या बहुतेकांनी रॅकेट हातातसुद्धा धरलेली नसते; कपडे पिळून आणि स्क्रू पिळूनही तो होतो. हे घरी सांगू नका. घरी 'टेनिस एल्बो' एवढंच म्हणायचं आणि पट्टा दिसेल अशा बेताने बाह्या दुमडायच्या. बायको म्हणेल, "मग कणीक मळून मला होतोय तो कुठला?" या प्रश्नाला कोणत्याही ग्रँड स्लॅममध्ये उत्तर सापडलेलं नाही.

आता मुख्य विद्येकडे येऊ. आमच्या सामन्यांना पंच नसतो. नियम सरळ आहे: आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपण द्यायचा, चेंडू रेषेला नुसता चाटून गेला तरी तो आत, आणि शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा. म्हणजे शंका येऊ द्यायची नाही. चेंडू टप्पा खाण्याच्या जरा आधीच बोट वर गेलं पाहिजे. 'आउट' हा शब्द प्रार्थनेनंतर आमचा मॉनिटर 'बस खाली' म्हणायचा तसा म्हणायचा. डोळे समोर, आवाज पोटातून. 'अ' तुकडीवाल्यांना हे उपजत येतं. 'क' तुकडीची मुलं अजून 'बहुतेक बाहेर होता रे' अशी सुरुवात करतात आणि पॉइंट घालवतात. पस्तीस वर्षांत त्यांच्यात सुधारणा नाही, हे मी 'क' तुकडीचा म्हणून सांगतो.

हा तुकड्यांचा भाग बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, चार प्रौढ गृहस्थ 56 ते 59 ग्रॅमचा पिवळा चेंडू मारताहेत. प्रत्यक्षात समोर उभा असतो तो मॉनिटर, ज्याने नववीत फळ्यावर बडबड करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव लिहिलं होतं आणि पुढे दोन फुल्या मारल्या होत्या. आज तो एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, गुडघ्याला टोपी आहे, बॅकहँड नाही. अशा माणसाच्या डोक्यावरून उंच लॉब टाकण्यात जे सुख आहे ते पगारवाढीत नाही. तेव्हा कोणी विचारलं, तर 'जुन्या मित्रांना भेटायला खेळतो' असं सांगत जा. वाईट दिसत नाही.

क्ले कोर्टची एक अडचण तेवढी लक्षात असू द्या. त्यावर चेंडूची खूण उमटते. लांबट, अंड्याएवढी, कोणी मागायच्या आत पुरावा तयार. अशा वेळी चालत खुणेपाशी जायचं, वाकायचं, खेदाने मान हलवायची आणि मागे वळताना बुटाने जरा माती सारखी करायची. कोर्टची काळजी घेणारा माणूस असंच करतो.

या डिसेंबरात उपांत्य सामना होता. पाच-पाच गेम, ड्यूस, निर्णायक पॉइंट. मॉनिटरने कधी नव्हे तो फोरहँड मारला. मी बोट वर केलं, पोटातून 'आउट' म्हणालो, चालत गेलो, वाकलो. खूण अर्धी पांढऱ्या पट्टीवर होती. मी मान हलवली आणि माती सारखी केली. मॉनिटरने नेटपाशी येऊन हात पुढे केला. "चांगलं खेळलास रे," म्हणाला.

सगळे मिसळीला निघाले. आमचा मार्कर, म्हणजे क्लबचा सराव देणारा माणूस, जो आम्हा सोळा जणांना एका हाताने हरवील आणि सकाळी सहाला आमचे चेंडू गोळा करतो, तो काथ्याचं पोतं ओढत कोर्ट सारखं करायला आला. बेसलाइनच्या त्या कोपऱ्यात माझ्या बुटाचा पाव वर्तुळाचा फराटा तेवढा उरला होता. तो थांबला. फराट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

अशा वेळी बॅगेची चेन अडकल्यासारखं करून खाली बघायचं असतं. तो पोतं घेऊन पुढे गेला की मग निघावं.