'लाईट' : वाक्यात उपयोग करा

दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापून काढलं तेव्हा महाराष्ट्रात लाईट नव्हती, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही. पुढे लाईट आली, पण शाळेत हे नाम कुणी धड शिकवलं नाही. मग नवखा माणूस गावात येतो, "वीजपुरवठा खंडित झालाय का?" असं काहीतरी विचारतो आणि पाहुणा म्हणून लगेच ओळखला जातो. तुमची अशी शोभा होऊ नये म्हणून हे थोडं मार्गदर्शन.

आधी लिंग. लाईट पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, पण दोन्ही एक नव्हेत. 'तो' लाईट छताला टांगलेला असतो. त्याला लावायचा, बंद करायचा, दिवाळीला पुसायचा. 'ती' लाईट खांबावरून येते. त्याचं बटण भिंतीवर, तुमच्या हाताशी असतं. तिचं बटण कुठे असतं, हे विचारायचं नसतं.

आता प्रयोग. "लाईट गेली." कर्ता लाईट, क्रियापद जाणे, कर्म नाही. थंडी जाते, तशी लाईट जाते. ती कुणी घालवत नाही, स्वखुशीने जाते. "लाईट कुणी बंद केली?" हे वाक्य अशुद्ध मानावं आणि सबस्टेशनला फोन करून तर मुळीच उच्चारू नये. तिथे विचारायचं, "लाईट कधी येईल?" उत्तर भविष्यकाळात मिळतं, "येईल दहा मिनिटांत." मराठीतला हा साधा भविष्यकाळ फारच साधा आहे, त्याला शेवट नसतो.

या नामाबरोबर सकर्मक क्रियापद चालतं ते एकच, कापणे. "त्यांची लाईट कापली." इथे मात्र कापणाऱ्याचा हुद्दा, कापल्याची तारीख आणि कापण्याचं कारण, सगळं कागदावर असतं. थकबाकीसाठी लाईट कापायची तर 2003 च्या विद्युत कायद्याचं कलम 56 पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायला लावतं. वेळेवर बिल भरणाऱ्याची लाईट नुसती 'जाते', तिला कसली आलीय नोटीस? पूर्वसूचनेची हौस असेल तर बिल थकवून पाहा. आकडा टाकणाऱ्याला नोटीस नाही आणि बिलही नाही, पण खांबावरची लाईट जाते तेव्हा त्याची आणि तुमची एकदमच जाते. सामाजिक समतेचा एवढा तरी अनुभव पदरात पाडून घ्यावा.

शेतात गेलात की अर्थच बदलतो. घरात बल्ब ढणढणत असतानाही तिथे "लाईट नाही" हे वाक्य बरोबर ठरतं. गावठाणातली सिंगल फेज ही काही लाईट नव्हे. मोटर चालते ती थ्री फेज, तीच खरी लाईट. ती चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आठेक तास. म्हणून शेतकरी सांगतो, "या आठवड्यात लाईट रात्रीची आहे." जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ऊसपट्ट्यात याचा अर्थ असा, की पाणी धरायला बिबट्याच्या वेळेला जायचं आहे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने गाणी. लाईट आली म्हणून माणूस अंधारात निघतो, हे वाक्य तुम्हाला विसंगत वाटत असेल तर तुमचं व्याकरण शहरी आहे.

स्टार्टरच्या पेटीवर तीन बारके बल्ब लावलेले असतात. तिन्ही पेटले तर लाईट आहे. एक विझला तर "फेज उडालाय", आणि तशात मोटर चालू केली तर ती नुसती घुमते आणि जळते. रात्री उठून बटण दाबायला नको म्हणून पेटीत 'ऑटो' बसवतात, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. सोय छानच आहे. फक्त ती सगळ्यांनीच करून घेतलेली असते. त्यामुळे लाईट येताक्षणी एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरा एकदम उठतात, डीपी एकदा कण्हतो आणि "लाईट आली आणि गेली" हे संयुक्त वाक्य तयार होतं.

मग वर्गणी निघते, जळका डीपी कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो आणि झिरो वायरमनला बोलावणं जातं. याचं नाव कुठल्याही पगारपत्रकावर नसतं, खांबावर मात्र तोच चढलेला असतो. व्याकरणात अध्याहृत कर्ता म्हणतात तो हाच. वाक्यात दिसत नाही, काम तोच करतो. खांबावरून पडला, तर चौकशीच्या कागदातही अध्याहृतच राहतो.

शहरी वाचकांसाठी फार लिहायला नको. पुण्यात लाईट गुरुवारी जाते आणि तिला 'देखभाल-दुरुस्ती' म्हणतात. मुंबईत हे क्रियापद फारसं वापरात नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि देशभर बातमी झाली. गावाकडे रोजच्या गोष्टीला बातमी म्हणायची पद्धत नाही.

लेखी मराठीत एक पथ्य पाळा. बिलाला घरात सगळे 'लाईट बिल' म्हणतात, पण त्या कागदावर लाईट कुठेच नसते. तिथे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि घरगुती ग्राहकाला वर 16 टक्के वीज शुल्क, अशी संस्कृताळलेली मंडळी ओळीने बसलेली असतात. पैकी स्थिर आकार लक्षात ठेवावा. सगळ्या प्रकरणात खऱ्या अर्थाने स्थिर असलेली वस्तू तेवढी एकच.

वीज मंडळाच्या 2005 मध्येच वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण बोलताना 'एमएसईबी' म्हणावं. कंपनी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याचा पगार तिथूनच येतो.

तक्रार करायची तर 1912 लावा. आवाज सौम्य ठेवा. पलीकडून बारा अंकी ग्राहक क्रमांक विचारतील, तो बिलावर असतो. बिल कपाटात, कपाट आतल्या खोलीत, आणि ती खोली तुम्हाला आता दिसत नाहीये, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही.