सी७ने सुरू होणारा क्रमांक

माझा धाकटा भाऊ अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. यंदा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, सोडतीची यादी लागली, त्या आठवड्यातल्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी जुनाच वाद नव्याने रंगला. खाजगी शाळांमधल्या २५ टक्के राखीव जागा चिठ्ठ्या काढून का भरायच्या, गुणवत्ता म्हणून काही शिल्लक आहे की नाही, असा तो वाद. एका ज्येष्ठ गुरुजींनी "अमेरिकेत असली लॉटरी चालत नाही, तिथे फक्त गुणवत्ता" असे ठणकावून सांगितले आणि विषय मिटवला. भावाने रात्री मला फोन लावला. "दादा, खरं आहे का हे?"

त्या दिवसांत मी न्यूयॉर्कमध्ये माझ्या मुलीच्या सोडतीच्या निकालाची वाट पाहत बसलो होतो. भावाला तसे सांगितले तेव्हा तो बराच वेळ हसत राहिला.

न्यूयॉर्क शहराचे शालेय कारभारासाठी ३२ जिल्हे आहेत. पाचवीतली मुले डिसेंबरपर्यंत सहावीच्या शाळांचा पसंतीक्रम भरतात आणि एप्रिलमध्ये निकाल लागतो. सहावी ते आठवीच्या या शाळांना इथे मिडल स्कूल म्हणतात. आम्ही ब्रुकलिनमधल्या केन्सिंग्टन भागात राहतो आणि आमचा जिल्हा पंधरावा आहे. पार्क स्लोपची महागडी दगडी घरे, सनसेट पार्कमधली चिनी आणि मेक्सिकन वस्ती आणि रेड हुकमधल्या सरकारी गृहवसाहती हे सगळे याच एका जिल्ह्यात येते. २०१८ पर्यंत इथल्या मिडल स्कूल चौथीचे गुण, हजेरी, काही ठिकाणी मुलाखत किंवा कलाचाचणी पाहून मुले निवडत असत, आणि परिणामी चांगली मानली जाणारी दोन-तीन विद्यालये पार्क स्लोपच्या मुलांनी भरून जात. पालकांच्याच पुढाकाराने त्या वर्षी सगळ्या चाळण्या काढून टाकल्या गेल्या आणि २०१९ पासून जिल्ह्यातल्या ११ मिडल स्कूलच्या जागा सोडतीने भरल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी प्रत्येक शाळेतल्या ५२ टक्के जागांवर कमी उत्पन्नाच्या घरांतली, इंग्रजी नव्याने शिकणारी किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारी मुले यांना प्राधान्य मिळते. महासाथीत शहरभरच्या चाळण्या स्थगित झाल्या. २०२२ मध्ये तो निर्णय जिल्ह्यांवर सोपवला गेला, तेव्हा बहुतेक शाळांनी त्या पुन्हा लावल्या नाहीत, जरी त्याआधी शहरातल्या सुमारे ४० टक्के मिडल स्कूलमध्ये त्या होत्या. गुरुजींच्या "फक्त गुणवत्ते"ची ही अवस्था आहे.

सोडत म्हटली की आपल्याकडे डोळ्यांसमोर लहान मुलाच्या हातून बरणीतून काढलेली चिठ्ठी येते. इथे अर्ज भरताच प्रत्येक मुलाच्या नावावर बत्तीस चिन्हांचा एक लांबलचक क्रमांक पडतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे असतात, शून्य सगळ्यांत चांगले आणि एफ सगळ्यांत वाईट. पहिली दोन चिन्हे पाहिली की अंदाज बांधता येतो. माझ्या मुलीचा क्रमांक सी७ने सुरू होत होता. सोळाच्या पटीत मोजले तर सी७ म्हणजे १९९, आणि शक्यता एकूण २५६. थोडक्यात शंभरातली अठ्ठ्याहत्तर मुले तिच्या पुढे उभी होती. हे गणित मी घरात कोणाला सांगितले नाही. बायकोने ते स्वतःच करून ठेवले होते.

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रे आहेत. शेजारचे बांगलादेशातल्या सिल्हेटचे गृहस्थ टॅक्सी चालवतात, त्यांची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे, आणि रविवारी सकाळी आम्ही दोघे तिथे भेटतो. डिसेंबरात त्यांनी फोन पुढे करून विचारले, "भाई, हे ई४ चांगलं की वाईट?" ई४ म्हणजे शंभरात एकोणनव्वद मुले पुढे. मी "वाईट आहे, पण तुम्हाला प्राधान्य आहे" एवढेच म्हणालो. एप्रिलमध्ये त्यांच्या मुलीला दुसऱ्या पसंतीची शाळा मिळाली आणि माझ्या मुलीला पाचव्या. त्यांची दुसरी पसंती हीच आमची पहिली होती. मी त्यांचे मनापासून अभिनंदन केले. पण जिना चढताना, माझ्या मुलीचा क्रमांक त्यांच्या मुलीपेक्षा चांगला असून, गुणही चांगले असून तिने कोणाचे काय घोडे मारले होते, हा विचार मनात येऊन गेलाच. शिक्षण परिषदेतल्या त्या गुरुजींपेक्षा मी फार वेगळा नाही, हे मला त्या जिन्यात कळले.

म्हणूनच पुढे जे लिहितो आहे ते स्वतःलाही समजावण्यासाठी आहे. आरटीईची सोडत पहिलीच्या किंवा त्याआधीच्या वर्गासाठी असते. सहा वर्षांच्या मुलाची गुणवत्ता म्हणजे त्याच्या आईबापांची गुणवत्ता, आणि दहा वर्षांच्या मुलाची गुणवत्ता हेही बहुतांशी तेच प्रकरण असते. चौथीच्या गुणांवरून सहावीची शाळा ठरवायची तर खाजगी शिकवणी परवडणाऱ्या घराला दोन वर्षांची आघाडी आधीच दिलेली असते. चाळण्या निघाल्यावर आमच्या जिल्ह्यात पहिल्याच वर्षी शाळाशाळांमधली आर्थिक आणि वांशिक फाळणी कमी झाली. एवढ्यासाठी तरी मी सोडतीच्या बाजूचा आहे, सी७ सकट.

पसंतीक्रम जुळवण्याच्या या रीतीत आपल्याला घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली मांडलेल्या कल्पनेवर ही रीत उभी आहे. आल्विन रॉथ, अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली ती न्यूयॉर्कच्या हायस्कूल प्रवेशासाठी बसवली, आणि रॉथ व शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तिचे मर्म असे की, मनातली खरी आवड त्याच क्रमाने लिहिण्यातच मुलाचे हित असते आणि धूर्तपणे क्रम बदलून काही पदरात पडत नाही. आपल्या अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि घेतले नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो. त्यामुळे "पहिल्या नंबरला काय टाकायचं" यावर घरोघरी जी खलबते चालतात ती मुलाच्या आवडीपेक्षा कटऑफच्या सट्ट्यावर अधिक असतात. हा नियम सुधारायला पैसा लागत नाही.

मात्र स्पर्धा वाढते आहे ती प्रवेशाच्या नियमामुळे नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांची एकूण पटसंख्या गेल्या काही वर्षांत घटली आहे, काही इमारती अर्ध्या रिकाम्या आहेत, आणि तरी ठरावीक शाळांसाठीची झुंबड वाढतेच आहे. त्यात २०२२च्या राज्य कायद्याने चौथी ते आठवीच्या तुकडीवर २३ मुलांची मर्यादा घातली आहे आणि २०२८ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे. पूर्वी तीसहून अधिक मुले बसवणाऱ्या लोकप्रिय शाळांना आता तेवढ्याच खोल्यांत कमी मुले घ्यावी लागतील. लहान तुकडी हवी असे सगळेच पालक म्हणत होते, पण ती आपल्या मुलाच्या जागेच्या मोबदल्यात मिळणार आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. महाराष्ट्रातही चित्र याहून निराळे नाही. अकरावीच्या लाखो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात आणि मोजक्या महाविद्यालयांपुढे रांगा लागतात.

उरला प्रश्न चार्टर शाळांचा. भारतातून कोणी विचारले की मी सांगतो, आपल्या अनुदानित शाळांचे हे अमेरिकी भावंड समजा. पैसा सरकारचा, फी नाही, कारभार मात्र खाजगी ना-नफा संस्थेचा. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांमध्ये ज्यांच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या, त्यांना यात नवल वाटू नये. न्यूयॉर्क राज्याने मात्र चार्टर शाळांचा कायदा १९९८ साली केला. फरक दोन. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चार्टर शाळेला सोडत काढावीच लागते, आणि ठरावीक मुदतीनंतर परवान्याचे नूतनीकरण न झाल्यास शाळा बंद होते. आपल्या किती अनुदानित संस्था या दुसऱ्या अटीवर टिकल्या असत्या, हा हिशेब ज्याने त्याने आपापल्या तालुक्यापुरता करावा. शहरात आज सुमारे दीड लाख मुले चार्टर शाळांत आहेत. राज्य कायद्याने घातलेली चार्टर शाळांच्या संख्येची मर्यादा शहरात २०१९ सालीच गाठली गेली आणि २०२३ मध्ये जेमतेम १४ नवे परवाने मोकळे झाले. त्यामुळे प्रतीक्षा याद्या लांबतच आहेत. मीही एका चार्टर शाळेत अर्ज केला होता आणि मुलगी अजून तिथल्या यादीत कुठेतरी मागे आहे. शिस्त कडक, शाळेचा दिवस लांब आणि परीक्षांचे निकाल उत्तम, हे यांतल्या बऱ्याच शाळांबाबत खरे आहे. पण वरच्या वर्गांत मूल सोडून गेले की ती जागा नव्या मुलाला न देता रिकामी ठेवणाऱ्या शाळाही यात आहेत, आणि निकाल उत्तम दिसण्यात या सवयीचा वाटा किती, ही शंका मला रास्त वाटते.

न्यूयॉर्कमधल्या मराठी मंडळींत या सगळ्यावर एक सोपा तोडगा प्रचलित आहे, तो म्हणजे न्यू जर्सीला घर घेणे. गणपतीच्या जेवणात मला हा सल्ला किमान चार जणांनी दिला. तिथल्या उपनगरात पत्त्यावरून शाळा मिळते, त्यामुळे सोडत नाही आणि परीक्षाही नाही. खरे तर परीक्षा असते, ती बँकेत कर्ज मागताना होते, आणि फी घराच्या किमतीत व मालमत्ता कराच्या बिलात भरली जाते. हीच मंडळी फोनवर गावाकडच्या नातेवाइकांना आरटीईविरुद्ध व्याख्याने देतात, याची मला गंमत वाटते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्के जागांतून सूट देणारा नियम आणला होता. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या निकालावर सगळ्यांत जास्त संतापलेला संदेश मला न्यू जर्सीतल्या एडिसनहून आला होता.

माझे स्वतःचे शिक्षण नवोदयचे. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ साली निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आमच्या अमरावतीला. सहावीच्या ८० जागांसाठी जिल्ह्यातली हजारो मुले परीक्षेला बसतात. मी पास झालो, दोन वर्षांनी भाऊ नापास झाला. त्याचे पाढे माझ्यापेक्षा पक्के होते. मला वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पुढे ब्रुकलिन मिळाले. त्याला गावातली सातवीपर्यंतची शाळा मिळाली, जिथे दोन शिक्षक सात वर्ग सांभाळत. तेव्हापासून प्रवेशाच्या कोणत्याही पद्धतीबद्दल बोलणे निघाले की मला यादीतली नावे पाहावीशी वाटत नाहीत, यादीत नसलेल्यांची सहावी कुठे होणार ते पाहावेसे वाटते. माझी मुलगी सोडतीत हरली म्हणजे तिला पाचव्या पसंतीची शाळा मिळाली, बसने पंधरा मिनिटांवर, विज्ञानाची खोली आणि वाद्यवृंद असलेली. असे हरणे परवडते. आरटीईच्या एक लाखाच्या आसपास जागांसाठी दुपटीहून अधिक अर्ज येतात, आणि त्यात हरणाऱ्या मुलाला काय मिळते यावर शिक्षण परिषदेच्या चहात कोणी बोलले नाही, असे मी विचारल्यावर भावाने सांगितले.

या वर्षी त्याच्या शाळेतून अकरा मुले नवोदयला बसली. सकाळी सातला शाळा उघडून तो त्यांच्याकडून बुद्धिमत्तेची चाळीस, गणिताची वीस आणि भाषेची वीस उदाहरणे सोडवून घेत असे. एक मुलगी पास झाली, गावाने पेढे वाटले, वर्तमानपत्राच्या तालुका पानावर फोटो आला. उरलेल्या दहा जणांना घेऊन तो चार किलोमीटरवरच्या अनुदानित विद्यालयात गेला. तिथे सोडत नव्हती, परीक्षा नव्हती, अर्ज दिला की लगेच प्रवेश होता. गणिताच्या शिक्षकाची जागा तिथे तीन वर्षांपासून रिकामी आहे.