मचाणावर वाजलेला फोन

बुद्धपौर्णिमा जवळ आली की इनबॉक्समध्ये तेच दोन प्रश्न. "भाऊ, नागझिऱ्याला मचाण मिळते का? वाघ दिसते का?" दुसऱ्याचं उत्तर मी देत नाही. पहिल्याचं देतो, पण आधी मागच्या खेपेचं ऐकून घ्या.

दुपारीच मचाणावर चढलो. मी, शहरातून आलेला एक दादा आणि आमच्याच भागातला वनमजूर. त्याने चढतानाच बजावलं, "बोलाचं काम नाही जी. खोकला आला त दुपट्ट्यात खोका." पाणवठा म्हणजे अंगणाएवढं डबकं. ही रात्र मे महिन्यातच का, तर तेव्हा पाणी मोजक्या जागी उरतं, जनावराला यावंच लागतं आणि चांदण्यात ते दिसतं. पूर्वी ही खरोखरची प्राण्यांची गणना असायची. आता वाघ कॅमेरा ट्रॅपच्या फोटोत पट्ट्यांवरून ओळखतात, मोजतात. ही रात्र 'निसर्गानुभव' म्हणून उरली. मला तेच बरं वाटतं, मोजायचं ओझं नाही.

चितळं आली, डुकरं आली, मोर येऊन गेले. नऊच्या सुमारास सांबराची मादी आली. पाण्यापासून वीसेक पावलांवर उभी राहिली ती राहिलीच. एक कान इकडे, एक तिकडे. पुढचा पाय उचललेला, तो खाली टेकवायला तयार नाही. बऱ्याच वेळाने दोन पावलं. पुन्हा थांबली. मागे झाडीत पिल्लू असावं, मान सारखी तिकडे वळत होती. (माझ्या पायाला मुंग्या आलेल्या, पण हलायची सोय नाही.) शेवटी तिने मान खाली घातली. नाक पाण्याला लागणार, तेवढ्यात दादाचा फोन वाजला. गाणं कोणतं ते सांगत नाही, तुम्हालाही आवडत असेल.

तिने पाय आपटला, ठणकन ओरडली आणि गेली. रात्रभर परत आली नाही. दादा म्हणाला, "सॉरी, सायलेंटवरच होता." वनमजूर काही बोलला नाही. वहीत लिहिलं, सांबर मादी १. मी हळूच विचारलं, पाणी प्यायली की नाही ते लिहीत नाहीत का?

"तसा रकाना नाही जी."

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या जिप्सींनी दोन्हीकडून अडवली होती. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक-गाइडवर कारवाई झाली, ठीकच झालं. पण वाघ दिसला तर बक्षिसी आणि नाही दिसला तर वाकडं तोंड, हा हिशोब जिप्सीत मागे बसलेल्यांनीच लावून दिला ना? अस्वल दिसलं तरी "चला, पुढे चला" म्हणणारे पाहिलेत मी. रानकुत्र्यांचा कळप समोर असताना मोबाइलवर वाघाचा फोटो शोधणारेही.

आम्ही गाववाल्यांनीही साळसूद बनू नये. माझा धान डुकरांनी दोनदा लोळवला आहे. रात्र-रात्र जागलीला बसलो आहे, तेव्हा तोंडातून काय निघतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी तारेत करंट सोडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तो करंट डुक्कर ओळखत नाही, वाघ ओळखत नाही, पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारीही ओळखत नाही. हां, नुकसानीचा पंचनामा वेळेत झाला आणि पैसा हंगाम सरायच्या आत हातात पडला, तर करंटवाल्याला चार शब्द सुनवायला आम्हालाही तोंड राहील.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मचाण मिळतं, वनविभागाकडे नोंदणी करावी लागते, जागा थोड्या असतात. नाही मिळालं तर रडू नका. या भागात मामा तलाव म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव आहेत, बोड्या म्हणजे छोटी तळी आहेत, त्यांच्या काठावर बसायला तिकीट लागत नाही.

माझ्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला लागून एक बोडी आहे. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी राहतं. संध्याकाळी पाचनंतर तिथे मोटर लावायची नाही, ढोरं धुवायची नाहीत, एवढं घरात ठरलं आहे. मुलगी वही घेऊन आंब्याखाली बसते. वहीत रोही म्हणजे नीलगाय आहे, मुंगूस आहे, कोल्हा आहे आणि 'ओळखू आला नाही' असा एक पक्षी आहे. मी तिला शेवटी एक रकाना आखून दिला, पाणी प्यालं का? रोहीपुढे दोनदा 'नाही' लिहिलं आहे. दोन्ही वेळा मीच खोकलो होतो.